कमरेची बत्तीस, कागदावरची बत्तीस

आमच्या जिल्ह्यात "बत्तीस" (पॉइंट थ्री टू बोअरचं रिव्हॉल्व्हर) म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरेशुभ्र कपडे, काळी मोठी गाडी आणि कमरेचं कातडी कव्हर उभं राहतं. लग्नात सोफ्यावर टेकताना शर्ट जरासा वर सरकतो, तो काही आपोआप सरकत नाही. निवडणूक लागली की हीच हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि मालक मंडळी निकालापर्यंत जरा उतरल्या तोंडाने फिरतात. त्यामुळे घरी मी सहज म्हणाले की आज नेमबाजीच्या रेंजवर बत्तीस मारून बघणार आहे, तर सासूबाईंनी आधी देवघराकडे बघितलं आणि मग मला विचारलं, "ती पुढाऱ्यांची असत्या, ती?"

तीच. म्हणजे काडतूस तेच, बाकी सगळं वेगळं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब सांभाळते. नेमबाजी चाळिशीच्या तोंडावर सुरू केली. आधी दहा मीटरवर एअर पिस्तूल, मग पंचवीस मीटरवर पॉइंट टू टू, म्हणजे बत्तीसपेक्षा बारीक, बावीसची गोळी. (तसं माझं पहिलं हत्यार गड्ड्यातलंच. सिद्धेश्वर यात्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक कधी हातात घेतली नाही असा सोलापूरकर मला अजून भेटायचाय. तिचा नेम मुद्दाम बिघडवलेला असतो हे पक्कं माहीत असूनही आपण दर वर्षी वीस-तीस रुपये घालवतो.) पण सेंटर फायर, म्हणजे बत्तीसची गोळी मारणारं पिस्तूल हातात यायचा प्रश्नच नव्हता. पंचवीस मीटरची बायकांची स्पर्धा होते ती पॉइंट टू टू वर. सेंटर फायर ही जागतिक स्पर्धेत पुरुषांची, आणि ऑलिंपिकमध्ये तर ती नाहीच. त्यामुळे शेजारच्या लेनमध्ये काका धाडधाड मारत असायचे आणि मी आपली माझ्या टुकटुक आवाजात समाधानी.

काका म्हणजे आमच्या रेंजवरचे सगळ्यात जुने नेमबाज. बँकेतून निवृत्त, आवाज मोठा, मतं त्याहून मोठी. त्यांचं आवडतं वाक्य, "बावीस ही पोराटोरांची गोळी ओ." हे ऐकून ऐकून एकदा मी म्हटलं, मग द्या की मोठ्यांची.

आमच्या कोच सरांनी क्लबच्या कपाटातून पिस्तूल काढलं, रजिस्टरला नोंद केली, गोळ्या मोजून दिल्या. पिस्तूल वॉल्थर कंपनीचं जुनं जीएसपी. हे मॉडेल १९६८ च्या सुमाराचं. मॅगझिन मुठीत न बसता ट्रिगरच्या पुढे बसतं, त्यामुळे नवख्याला ते आधी पिस्तूलच वाटत नाही. या मॉडेलची मला आवडलेली गंमत अशी की वरचा भाग, म्हणजे नळी आणि बोल्टचा सगळा तुकडा, बदलता येतो. खालची फ्रेम तीच, लाकडी मूठ तीच. वर पॉइंट टू टू चा तुकडा बसवला की मुलींची स्पर्धा, थ्री टू चा बसवला की पुरुषांची. मी ज्या मुठीला हात सरावलेला तिच्यावरच सरांनी वरचा भाग बदलून दिला. ट्रिगरही तेवढ्याच वजनाला बसवलेला, किलोभराला. म्हणजे बदलली ती फक्त गोळी. एखादी गोष्ट नीट पारखायची असेल तर अशीच पारखावी. बाकीचे आकडे तेच ठेवायचे आणि एकच रकाना बदलून बेरीज बघायची, हा माझ्या धंद्याचा नियम आहे.

आता ती गोळी. पॉइंट टू टू ची गोळी सगळ्यांना माहीत असते. बारीक, टोकाला गोलसर शिसं. या बत्तीसचं काडतूस तळहातावर घेतलं आणि मी सरांना विचारलं, "यातली गोळी कुठाय?" पितळी नळकांडं दिसतंय आणि वर तोंडाशी करड्या शिशाचा सपाट चकत्यासारखा भाग. टोक नाही, गोलाई नाही. शिसं नळकांड्याच्या काठाशी सपाट बसवलेलं, जणू कुणी गोळी काढून घेतलीय आणि तोंडाला बूच मारलंय. याला वॉडकटर म्हणतात. बूड बघितलं तर मधोमध गोल टोपी, तीच प्रायमर. पॉइंट टू टू मध्ये ती नसते. तिथे स्फोटक मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि पिनेचा घाव कडेवर बसतो. म्हणून ती रिम फायर आणि ही सेंटर फायर.

काडतुसाचं पूर्ण नाव पॉइंट थ्री टू स्मिथ अँड वेसन लाँग. जन्म १८९६ चा. त्या काळी रिव्हॉल्व्हरसाठी काढलेलं आणि आजच्या हिशेबाने अगदीच मवाळ. पुढाऱ्यांच्या कमरेला असणारं कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर याच काडतुसाचं, फक्त तिथे गोळीला टोक असतं. २०१४ मध्ये बायकांच्या संरक्षणासाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हरही बत्तीसचंच. सरकारी कारखान्यांचं बत्तीसचं पिस्तूल निघतं ते मात्र या गोळीवर चालत नाही, त्याची गोळी आखूड आणि वेगळी. बाजारात दोघींना बत्तीसच म्हणतात, त्यामुळे दुकानात रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हे आधी सांगावं लागतं.

आपल्याकडे बत्तीसच का, याचं कारण कायद्यात आहे. नऊ मिलिमीटर, पॉइंट थ्री एट या लष्कर-पोलिसांच्या गोळ्या, सामान्य परवानाधारकाला त्या मिळत नाहीत. मग हौशी माणसापुढे उरतं ते मुख्यतः पॉइंट टू टू आणि थ्री टू. त्यातलं थ्री टू निदान ऐकायला तरी दणदणीत वाटतं. गंमत म्हणजे सेंटर फायरच्या नियमात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची कुठलीही गोळी चालते, तरीही जगभरचे नेमबाज हीच म्हातारी बत्तीस निवडतात. त्यांच्यावर कायद्याची सक्ती नाही, तरीही. का, ते मला पहिल्या पाच गोळ्यांत कळलं.

लेनवर उभी राहिले. चष्मा, कानावर मफ, आणि मफच्या आत फोमचे बोळे. दुप्पट बंदोबस्त मी नेहमीच करते. आमच्या कारखान्यात शेडमध्ये लूम चालू असताना माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, आणि वीस वर्षं शेडमध्ये काढलेला जॉबर, म्हणजे लूमचा मिस्त्री, घरी टीव्ही किती मोठ्याने लावतो ते त्याच्या शेजाऱ्याला विचारा. लूमचा आवाज दिवसभर थोडा थोडा कान खातो. बंदुकीचा आवाज क्षणाचाच, पण काडतुसाचं कुठलंही पिस्तूल, अगदी पॉइंट टू टू सुद्धा, १४० डेसिबलची रेषा ओलांडतं आणि ती रेषा क्षणभरासाठीही धोक्याची. "एवढ्याशा गोळीला कशाला मफ" म्हणणारा माणूस दिसला की मला आमचा जॉबर आठवतो.

"लोड."

पाच गोळ्या मॅगझिनमध्ये. बोट ट्रिगरच्या बाहेर. काका मागे खुर्चीत, हाताची घडी. रेंजवरच्या आमच्यातला सगळ्यात धाकटा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा, तोही स्वतःचं सोडून बघायला येऊन थांबलेला.

काका म्हणाले, "काय ओ ताई, हात थरथरायलाय काय?"

थरथरत नव्हता, पण पिस्तूल नेहमीपेक्षा नाकाकडून जड लागत होतं. वरचा तुकडा पॉइंट टू टू च्यापेक्षा भारी. मी श्वास अर्धा सोडला, काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्याची पट्टी ठेवून साइट, म्हणजे नेम धरायची खूण, धरली आणि दाबत गेले.

मला वाटलं होतं, झटका बसेल. बसला तो धक्का. त्यातही घाई नव्हती. पॉइंट टू टू तडकन उडतं आणि परत येतं, आपल्याला काही विचारत नाही. हे पिस्तूल मनगटाला मागे ढकलत वर गेलं आणि खाली यायला त्याने आपला वेळ घेतला. आवाजही तसाच, टुक ऐवजी ढप्प. दुखलं काहीच नाही. मी मागे वळून काकांकडे बघितलं तर ते मिशीत हसत होते. "एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच," ते म्हणाले. वर्षभर यांनी मला ज्या मोठ्या माणसांच्या गोळीची भीती घातली ती ही.

घरी येऊन मी कागदावर आकडे मांडले, सवयच आहे. पॉइंट टू टू ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, पिस्तुलातून सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास जाते. बत्तीसची वॉडकटर जवळजवळ साडेसहा ग्रॅमची, पण वेग जेमतेम दोनशे तीस. वजन अडीचपट, वेग कमी. वजन गुणिले वेग केलं की हाताला बसणारा धक्का पॉइंट टू टू च्या दुपटीच्या जवळ जातो. गोळीची ऊर्जा मात्र दीडपटीच्या आसपासच भरते. आणि पोलिसांच्या नऊ मिलिमीटरपुढे ठेवली तर ती तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कमरेला लावून मिरवायच्या बत्तीसची ही पातळी. म्हणून काय तिने जीव जात नाही असं नाही, जातो, लग्नाच्या वरातीत हवेत मारलेल्या गोळ्यांनीही गेलेले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी व्हिडिओ येतच असतात.

मला हुरहुर लावली ती त्या दोनशे तीसने. कमी वेग म्हणजे गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते. फरक एक हजारांश सेकंदाच्याही आतला, पण तेवढ्यात पिस्तूल वर उचलायला लागलेलं असतं. पॉइंट टू टू मध्ये ट्रिगर सुटला की गोळी निघून गेलेली असते, तुमचा हात नंतर काय करतो याच्याशी तिला फारसं घेणं नसतं. बत्तीसची गोळी अजून आत असते. मनगट किती घट्ट, मूठ कशी, ट्रिगर सुटल्यावर तुम्ही साइट बघत राहिलात की कागदाकडे डोकावलात, हे सगळं ती सोबत घेऊन बाहेर पडते.

टार्गेट जवळ आणून बघितलं. पाच भोकं, सगळी एकत्र, माझ्या एका हाताच्या बोटांखाली झाकतील एवढ्या जागेत. पण दहाच्या रिंगणात एकही नाही. सगळीच्या सगळी वर, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथे, आठच्या रेषेला चिकटून. आणि भोकं म्हणजे काय सांगू! पॉइंट टू टू कागद फाडते, कडा आत वळतात, भोक गोळीपेक्षा लहान दिसतं आणि रेषेला लागलंय की नाही यावर वाद होतात. वॉडकटरच्या सपाट तोंडाने कागद कापला होता. ऑफिसमधल्या पंचिंग मशीनने व्हाउचरला पाडतो तशी आठ मिलिमीटरची गोल, स्वच्छ भोकं. कापलेल्या कागदाच्या गोल टिकल्या मागे कुठे उडाल्या असतील ते त्या मातीच्या बांधाला माहीत.

सर म्हणाले, "ग्रुप आलाय ना? मग हाताला काही करू नका, साइट फिरवा." साइट काकांच्या हाताला बसवलेली होती. काकांचं मनगट माझ्या दीडपट. त्यांच्या हातात पिस्तूल कमी उचलतं, माझ्या हातात जास्त, म्हणून माझ्या गोळ्या वर. मागची साइट काही क्लिक खाली घेतली आणि पुढच्या पाचात नऊ-दहाच्या घरात आले. हे लिहिताना मी शक्य तितकी नम्र राहायचा प्रयत्न करतेय, पण जमत नाहीये.

खरा तमाशा पुढे झाला. धाकट्याला राहवेना. तो पॉइंट टू टू च्या रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट माऱ्याच्या टप्प्यात, माझ्या कितीतरी पुढे आहे. हात झपाट्याने वर, गोळी गेली, पुढची. त्याच्या पाच गोळ्या कागदभर पसरल्या, एक पांढऱ्यात. त्याला वाटलं साइट हलली. सरांनी काही न बोलता मला खूण केली, मी मारल्या, साइट जागेवरच होती. मग त्यांनी त्याच्या मॅगझिनमध्ये गुपचूप गोळ्यांच्या मध्ये एक रिकामं नळकांडं भरून दिलं. रिकाम्यावर ट्रिगर ओढला गेला तेव्हा पिस्तुलाचं नाक सरळ सरळ खाली गेलेलं आम्ही चौघांनीही बघितलं. धक्का यायच्या आधीच हात त्याला दाबायला निघालेला. पॉइंट टू टू त्याचं हे लपवत आली होती.

मला ते का जमलं, तर त्यात माझं कौतुक कमी आणि एअर पिस्तुलाचं जास्त. अर्ध्या ग्रॅमचा तो छरा सेकंदाला दीडशे-एकशे साठ मीटरने रमतगमत जातो, बत्तीसपेक्षाही हळू. ट्रिगर सुटल्यावर हात तसाच धरून, साइट बघत, मनात एक-दोन मोजायची सवय तिथे लागते, नाहीतर छरा सातच्या बाहेर. घरी ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतीसमोर उभं राहून मी हेच करत असते आणि आमच्याकडे "ही काय भिंतीशी भांडतीय" म्हणून हसतात. धक्का नसलेल्या हत्याराने धक्क्याच्या हत्याराची तयारी करून घेतली, हे मला स्वतःलाही आधी खरं वाटलं नसतं. धाकट्याला मी दहा मीटरवर ये म्हटलं. त्याने अजून मनावर घेतलेलं नाही, या वयात कोण घेतं.

काकांना हे फारसं रुचलं नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच. म्हणे बत्तीसची गोळी जाड, भोक मोठं, रेषेला आधी शिवते, म्हणून मार्क जास्त पडतात आणि म्हणून तुमचे नऊ-दहा. सरांनी ड्रॉवरमधून गेज काढून टेबलावर ठेवला. सेंटर फायरमध्ये शंकेचं भोक मोजायला सगळ्यांना एकच गेज, ९.६५ मिलिमीटरचा. गोळी बत्तीस असो की त्याहून जाड, मोजमाप एकच. काका म्हणाले, "ते माहितीय ओ मला," आणि चहा सांगायला गेले.

चहाबरोबर मग जसपाल राणांचा विषय निघालाच, काका असताना तो निघाल्याशिवाय राहत नाही. आज लोक त्यांना मनू भाकरचे कोच म्हणून ओळखतात, पण सेंटर फायर म्हटलं की भारतात नाव त्यांचंच. १९९४ ला हिरोशिमाच्या एशियाडमध्ये या स्पर्धेचं सोनं, तेव्हा ते विशीच्या आतले. आणि २००६ ला दोह्यात ६०० पैकी ५९०, विश्वविक्रमाची बरोबरी. साठ गोळ्यांत फक्त दहा मार्क गेले. निम्म्या गोळ्या रॅपिडच्या टप्प्यात, जिथे टार्गेट तीन सेकंदच समोर येतं, सात सेकंद वळून जातं, आणि प्रत्येक वेळी हात पंचेचाळीस अंशांवरून वर आणायचा. मी ज्या टप्प्यात मिरवून घेतेय तो प्रिसिजनचा, पाच मिनिटांत पाच गोळ्या, आरामाचा. तीन सेकंदांत त्या ढकलणाऱ्या पिस्तुलाला आवरून परत खाली, परत वर, हे काय असतं ते मला माहीत नाही आणि काका मला ते विसरू देत नाहीत.

रिकामी नळकांडी मोजून परत द्यावी लागतात. एक कमी भरलं. आम्ही सगळे वाकून लेनमध्ये शोधतोय, दहा वाजत आलेले, पत्र्याचं छप्पर तापायला लागलेलं, आणि ते सापडलं धाकट्याच्या खिशात, सरांनी गंमत केली तेव्हाचं रिकामं. रजिस्टरला आकडा जुळला. मला आकडा जुळला की बरं वाटतं.

शेवटी हाताला गोडी राहावी म्हणून सरांनी पुन्हा पॉइंट टू टू चा तुकडा चढवून दिला. पिस्तूल एकदम हलकं लागायला लागलं. पहिली गोळी सुटली तरी मी आपली हात धरून, साइट बघत उभी. "झाली ओ ताई, गेली कधीच," मागून काका. कागदावर दहा होता, आतल्या रिंगणातला.

रॅपिड मारून बघायचंय असं मी सरांना म्हटलंय. ते म्हणाले, आधी आठवडाभर घरी रिकाम्या हाताने तीन सेकंदांचा सराव करा, हातात पाण्याची भरलेली बाटली धरून. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. भिंतीशी भांडण त्यांनी खपवून घेतलं, बाटली वर-खाली करताना बघून काय म्हणतील कुणास ठाऊक.